‘दहापर्यंत चालतं’: लॉन्सच्या भिंतीला लागून असलेल्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या एका उपनगरातली ही सोसायटी. तीन इमारती, ११२ घरं. पूर्वेच्या भिंतीपलीकडे लग्नाचं लॉन्स आहे: हिरवळ, स्टेज, एका बाजूला पत्र्याची शेड, मागे आचाऱ्यांची जागा. मध्ये सहा फुटी भिंत. ‘ए’ इमारतीच्या बेडरूमच्या खिडक्या त्या भिंतीपासून जेमतेम वीस मीटरवर. २०२२ ते २०२४ या काळात मी सोसायटीची सचिव होते, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं. माणसांची आणि जागांची नावं मुद्दाम टाळली आहेत.

लॉन्सचालक गावचेच. जमीन त्यांच्या आजोबांची आणि सोसायटी उभी राहण्याआधीपासून त्यांचा कारभार तिथे चालू होता. करोनाच्या दोन वर्षांत लॉन्स जवळजवळ रिकामं होतं, आचारी-मांडववाले घरी बसले होते. एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध उठले आणि त्या नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न लागल्यावर, अडकून पडलेली सगळी लग्नं एकदम निघाली. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढच्या भांडणात आम्ही ते बराच काळ विसरून गेलो होतो.

अडचण

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या वॉचमनच्या नोंदवहीत ३७ समारंभ आहेत. त्यांपैकी २६ वेळा डीजे होता. लग्न सकाळी लागायचं, सनईचा कुणाला त्रास नव्हता. त्रास आदल्या संध्याकाळच्या हळदीचा आणि संगीताचा. सात वाजता ‘चेक, चेक’ सुरू व्हायचं आणि साडेसातपासून बेस.

‘ए’ इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर स्टीलच्या वाट्या एकात एक रचलेल्या असतात. डीजे सुरू झाला की त्या वाट्या किणकिणायच्या. खिडक्या बंद केल्या की गाणं कुठलं ते कळायचं नाही, ठोका मात्र जसाच्या तसा यायचा. आजींनी शेवटी जुन्या साडीचे तुकडे घडी करून वाट्यांच्या मधे घातले. मी तक्रार लिहून घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मला ते तुकडे दाखवले आणि एवढंच म्हणाल्या, ‘वाट्यांचं केलं गं, छातीत धडधडतं त्याचं काय करू?’ त्यांची बायपास झालेली आहे. वरच्या मजल्यावर एक मुलगी दहावीची होती. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा.

लोक १०० किंवा ११२ ला फोन करायचे. बीट मार्शल यायचे, आवाज खाली यायचा, गाडी वळली की पुन्हा वर. बहुतेक वेळा पोलिस पोहोचेपर्यंत सव्वादहा झालेले असायचे आणि कार्यक्रम तसाही उरकत आलेला असायचा. दहाच्या आधी फोन केला तर उत्तर ठरलेलं: ‘मॅडम, दहापर्यंत चालतं.’

डिसेंबरात एक प्रकार घडला आणि लोक घाबरले. एका निवृत्त गृहस्थांनी फोन केला आणि अर्ध्या तासात त्यांनाच लॉन्सवरून फोन आला, ‘काका, तक्रार तुम्हीच केलीत ना?’ नंबर कुठून गेला ते कळलं नाही. त्यानंतर महिनाभर कुणी फोनच केला नाही.

नियमात काय लिहिलं आहे

‘दहापर्यंत चालतं’ हे लॉन्सचं म्हणणं होतं, पार्टीचं, म्हणजे लॉन्स भाड्याने घेणाऱ्या घराचं होतं, पोलिसांचं होतं आणि खरं सांगायचं तर आमचंही होतं. आमची मागणी इतकीच होती की दहाला बंद करा. जानेवारीत मी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० पहिल्यांदा मुळातून वाचले आणि लक्षात आलं की आम्ही कमी मागत होतो.

नियमांत वेळ आहे आणि पातळीही आहे. निवासी भागासाठी सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. लाउडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी लागते, दिवसाही लागते. परवानगी असली तरी सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खासगी जागेतल्या खासगी यंत्रणेला सवलत फक्त ५ डेसिबलची. म्हणजे संध्याकाळी आठ वाजतासुद्धा आमच्या सामाईक भिंतीवर आवाज ६० किंवा फार तर ६५ हवा.

६० की ६५, यावर आमच्या समितीत दोन रात्री वाद झाला. लॉन्स भाड्याने दिलं जातं, ते सार्वजनिक धरायचं की खासगी? आम्ही ६५ धरायचं ठरवलं. पाच डेसिबलसाठी व्याख्येवर भांडत बसलो असतो तर मूळ मुद्दा हातचा गेला असता. तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

दहानंतरच्या सवलतीही नीट पाहिल्या. सभागृह, मेजवानीचा हॉल अशा बंदिस्त जागेत आतल्या आत आवाज चालतो. लॉन्सचे व्यवस्थापक शेडकडे बोट दाखवून ‘हा हॉलच आहे’ म्हणायचे. तीन बाजूंना कापडी पडदे लावलेली पत्र्याची शेड बंदिस्त कशी होईल? दुसरी सवलत सणांची: राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत मुभा देऊ शकतं आणि जिल्हाधिकारी त्या दिवसांची यादी जाहीर करतात. ही मुभा सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी आहे. खासगी हळद त्यात बसत नाही.

समोरचे पर्याय

समितीच्या सभेत सर्वांत जास्त हात वर झाले ते वकिलामार्फत उच्च न्यायालयात जायला. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर आदेश दिले आहेत. पोलिसांकडे आवाज मोजण्याची यंत्रं हवीत, तक्रार घेण्याची व्यवस्था हवी, तक्रारदाराचं नाव उघड होता कामा नये, हे सगळं त्यात आहे. मग पुन्हा कोर्टात जाऊन नवं काय मिळवायचं होतं? आदेश होते, ते आमच्या गल्लीपर्यंत आले नव्हते. शिवाय पैसा आणि वेळ. तो रस्ता राखून ठेवला.

शांतता क्षेत्राचा मुद्दाही निघाला, कारण समोर प्रसूतिगृह आहे आणि रुग्णालयाच्या आसपास १०० मीटर शांतता क्षेत्र असतं असा सर्वसाधारण समज आहे. पण ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने क्षेत्र तसं जाहीर केलेलं असावं लागतं. तो नाद सोडला. फौजदारी प्रक्रिया संहितेचं तेव्हाचं कलम १३३, म्हणजे सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १५२), हे हत्यार चांगलं होतं, पण त्यालाही पुरावा लागणार होता आणि तो आमच्याकडे नव्हता. खिडक्यांना दुहेरी काच बसवा, असं एकाने सुचवलं. बेस काचेला फारसा जुमानत नाही. आणि स्वतःच्या घरात स्वतःच्या खर्चाने कोंडून घ्यायचं, हे कुणालाच पटलं नाही.

उरले दोन रस्ते: पोलिस आयुक्तांकडे मोजमापासह रीतसर लेखी तक्रार आणि लॉन्सचालकांशी बोलणं. ते दोन्ही एकदमच सुरू करायला हवे होते. आम्ही तसं केलं नाही.

आधी झालेल्या दोन चुका

पहिली चूक वकिलाच्या नोटिशीची. लॉन्सचालकांशी एकदाही समोरासमोर न बोलता आम्ही नोटीस पाठवली. ती वाचून त्यांनी पहिलं काय केलं, तर भिंतीलगतच्या वाटेवरून आमच्या ड्रेनेजच्या माणसांना जाऊ देणं बंद केलं. पुढचे दोन महिने बोलणंच थांबलं.

दुसरी चूक जास्त खुपते. आमच्या एका रहिवाशाने एका हळदीचा व्हिडिओ काढला, कमानीवर वधू-वरांची नावं स्पष्ट दिसत होती, आणि तो परिसरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लोकांनी वाटेल ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचे वडील आमच्या गेटवर आले. हाताला हळद तशीच होती. ते भांडले नाहीत. म्हणाले, ‘ताई, पोलिसांचा कागद होता, दहाला बंद केलं. आवाजाला आणखी काही मोजमाप असतं हे मला लॉन्सवाल्याने सांगितलं नाही, डीजेवाल्याने सांगितलं नाही. आज मुलगी जायची आणि तिचं नाव असं…’ मी त्यांची माफी मागितली आणि व्हिडिओ काढायला लावला. त्या माणसाचं म्हणणं खरंच होतं. ज्याच्या नावावर परवानगी निघते त्यालाच नियमातला अर्धा भाग कुणी सांगत नाही.

मोजणी

तोवर आम्ही मोबाइलवरच्या ॲपचे स्क्रीनशॉट दाखवत होतो. पोलिस ठाण्यात ते कुणी हातात घेतले नाहीत आणि ते योग्यच होतं, कारण फोनचा माइक बोलण्यासाठी असतो, मोठ्या आवाजाला तो भरवशाचा नाही. मार्चमध्ये आम्ही ध्वनिपातळी मोजण्याचं यंत्र कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रासह भाड्याने आणलं. आमच्या इमारतीतल्या एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरने ते चालवलं. पद्धत साधी ठेवली: प्रत्येक वेळी भिंतीलगतची तीच जागा, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंची, पंधरा मिनिटांची सरासरी, वहीत वेळ आणि सही.

डीजे नसलेल्या दिवशी रात्री आठला सरासरी ५४ आली. हे कळणं फार महत्त्वाचं होतं, नाहीतर ‘हा रस्त्याचाच आवाज आहे’ असं म्हणायला वाव राहतो. डीजे असलेल्या तीन संध्याकाळी भिंतीवर ८४, ८७ आणि ८५ आले. ८५ आणि ६५ यांत वीसचाच फरक दिसतो, पण डेसिबलचं माप गुणाकाराचं आहे. दर दहाला आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे वीसला शंभरपट.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. नियमातलं माप ‘ए’ भाराचं आहे, ते माणसाच्या कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरतं. त्याच यंत्रावर ‘सी’ भार लावून पाहिला, तर आकडा आणखी १५ ते १७ ने चढला. एवढा फरक म्हणजे आवाजात बेस ठासून भरलेला. आजींच्या वाट्या का वाजतात याचं उत्तर त्या दुसऱ्या आकड्यात होतं, पण त्या आकड्याला नियमात जागा नाही. ही नियमातली खरी उणीव आहे असं माझं ठाम मत आहे.

याच सुमारास माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: आमच्या नोंदवहीतल्या अकरा तारखा दिल्या आणि त्या दिवसांच्या लाउडस्पीकर परवानग्यांच्या प्रती मागितल्या. अकरापैकी चारच परवानग्या निघाल्या. या एका कागदाने जे काम केलं ते आधीच्या चाळीस फोनांनी केलं नव्हतं.

बैठक

आयुक्त कार्यालयाकडे गेलेली तक्रार, मोजणीचा तक्ता आणि परवानग्यांचा कागद, हे सगळं फिरून आमच्या पोलिस ठाण्यात आलं आणि एप्रिलमध्ये वरिष्ठ निरीक्षकांनी सगळ्यांना बोलावलं. आम्ही तिघं, लॉन्सचालक आणि त्यांच्याकडे नेहमी येणारा एक डीजेवाला. तो तरुण आला हे फार बरं झालं.

लॉन्सचालक म्हणाले, ‘साहेब, जागा माझी, पण डीजे पार्टीचा. मी कसं सांगणार?’ साहेबांनी डीजेवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘पार्टी पैसे बेसचेच देते. नवऱ्याची पोरं येऊन सांगतात, अजून वाढव. नाही वाढवला तर हिशेबाला बसल्यावर पाच हजार कापतात.’ परवानगी एकाच्या नावावर, यंत्रणा दुसऱ्याची, जागा तिसऱ्याची आणि बटणाला हात चौथ्याचा. इतके दिवस आम्ही कुणाशी भांडत होतो?

मग लॉन्सचालकांनी आम्हाला विचारलं, ‘तुमच्या गणपतीत तुम्ही परवानगी काढता का?’ आम्ही काढत नव्हतो. सोसायटीच्या अंगणात दोन मोठे स्पीकर लागतात आणि सगळ्यांना वाटतं, आपलं अंगण आहे. मी तिथेच सांगितलं की या वर्षीपासून काढू आणि आमच्याही भिंतीवर तुम्ही मोजा. माझ्या मते बैठक त्या क्षणी वळली. पुढचा सगळा बोलण्याचा सूर बदलला.

निरीक्षकांनी स्पष्ट सांगितलं की यापुढे परवानगीशिवाय यंत्रणा दिसली तर जप्तीचा पंचनामा होईल आणि जागामालकावरही कारवाई होईल. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मध्ये तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होता. एप्रिल २०२४ पासून कैद गेली आणि दहा हजार ते पंधरा लाख अशी दंडाची तरतूद आली.

काय बदललं

मे महिन्यात लॉन्सच्या बुकिंगच्या करारात नवं कलम आलं: बाहेरची ध्वनियंत्रणा चालणार नाही, लॉन्सचीच वापरायची, आवाज दहाला बंद, मोडल्यास अनामत परत मिळणार नाही. बुकिंगच्या वेळी पार्टीला एक छापील कागद द्यायचा, त्यात परवानगी कुठे मिळते आणि हद्दीवरची मर्यादा किती, हे साध्या मराठीत. तो मजकूर मी लिहिला. लिहिताना ते हळदीचे हात डोळ्यांसमोर होते.

लॉन्सचालकांनी स्वतःची यंत्रणा घेतली आणि तिच्यावर लिमिटर बसवला. मिक्सरवर कुणी काहीही वाढवलं तरी ठरलेल्या पातळीवर आवाज अडतो. लिमिटरची पेटी कुलपात. पातळी ठरवण्यासाठी एक संध्याकाळ आम्ही भिंतीपाशी यंत्र धरून उभे होतो, डीजेवाला मिक्सरवर, दोघांमध्ये फोन चालू. भिंतीवर ६५ आले तेव्हा नाचायच्या जागेत अजून चांगला दणदणीत आवाज होता. ‘६५ मध्ये लग्न म्हणजे मौन व्रत’ हे लॉन्सचालकांचं आधीचं म्हणणं त्या संध्याकाळी त्यांनीच मागे घेतलं.

त्यासाठी स्टेज मात्र हलवावं लागलं. आधी ते पश्चिमेकडे तोंड करून होतं, स्पीकर सरळ आमच्या खिडक्यांवर. ते आमच्या बाजूला आणून पाठ आमच्याकडे केली. वरचे सूर यामुळे पडले, बेस पडला नाही, कारण तो सगळीकडे सारखाच पसरतो. उपाय त्या डीजेवाल्यालाच ठाऊक होता: बेसचे खोके पुढे-मागे ठेवायचे आणि एकाला किंचित उशिरा, उलटा आवाज द्यायचा, म्हणजे पाठीमागे दोघांचे ठोके एकमेकांना मारतात. चार खोक्यांचे दोन झाले. हे ज्ञान त्याच्याकडे पहिल्यापासून होतं, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या हंगामात

नोव्हेंबर २०२३ ते मे २०२४ मध्ये आम्ही नऊ वेळा मोजलं. सात वेळा भिंतीवर ६३ ते ६७. एकदा बाहेरचा डीजे आला, ८१ आले, आणि लॉन्सचालकांनी खरोखरच अनामत ठेवून घेतली. एकदा एका वजनदार घरातलं लग्न होतं, अकरापर्यंत डीजे वाजला आणि कुणीही काही केलं नाही. तक्रार दिली, तिचं पुढे काही झालं नाही. तेही इथे नोंदवते.

आजींच्या वाट्या आता क्वचित वाजतात. साडीचे तुकडे त्यांनी काढलेले नाहीत. दहावीच्या मुलीला या सगळ्याचा उपयोग झाला नाही, तिची परीक्षा पहिल्याच हंगामात झाली. आमच्या गणपतीची परवानगी दोन्ही वर्षं काढली आणि विसर्जनाच्या दिवशी लॉन्सचालक स्वतः आरतीला आले.

वरातीचं मात्र काहीच झालेलं नाही. बँजोची गाडी रस्त्यावर उभी राहते, लॉन्सच्या हद्दीत येत नाही, बुकिंगच्या कराराला बांधलेली नाही आणि प्रसूतिगृहासमोरच अर्धा तास थांबते. आमच्या सगळ्या मेहनतीतून ही जागा निसटली.

पुन्हा करायचं झालं तर

माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्या आठवड्यात टाकेन. त्याला खर्च नगण्य, भांडण नाही आणि उत्तर सरकारी कागदावर येतं. नोटीस पाठवणार नाही, आधी चहाला जाईन. डीजेवाल्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच गाठेन. मोजणी डिसेंबरात करेन, मार्चची वाट पाहणार नाही, आणि डीजे नसलेल्या दिवसापासून सुरुवात करेन. कुणाच्याही लग्नाचा व्हिडिओ ग्रुपवर जाणार नाही याची आधी तंबी देईन.

तक्रारदाराचं नाव फुटणं ही सर्वांत मोठी भीती होती. तिच्यावर आम्ही उशिरा उपाय केला: तक्रार कायम सोसायटीच्या नावाने, सचिवाच्या सहीने. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या रहिवाशांच्या याचिकेवर पुन्हा बजावलं आहे की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख मागू नये आणि उघड करू नये. २०१६ च्या आदेशातलं हेच तेव्हा पाळलं गेलं असतं तर त्या काकांना महिनाभर गप्प बसावं लागलं नसतं.

लिमिटरची तपासणी आता दर वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आठवडाभर आधी होते. यंदा यंत्राच्या भाड्याचे अर्धे पैसे लॉन्सचालक देणार आहेत, आणि वरातीच्या गाडीला प्रसूतिगृहाच्या पुढे नेऊन उभं करण्याबद्दल त्यांच्याशीच पहिलं बोलणं ठरलं आहे.